घरच्या घरी दाढी

मुलाने हाताने बनवलेला दाढीचा साबण पाठवला, सोबत मऊ केसांचा ब्रशही. सकाळी नानांनी वाटीत भरपूर फेस काढला आणि आरशासमोर उभं राहून सावकाश दाढी केली. कुठे कापलं नाही की आग झाली नाही. गाल अगदी लहान मुलासारखे झाले.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

"वा नाना, काय झकास झालीय! आता सलूनच्या पायऱ्या चढायची कटकट संपली."

"हो रे, सुटलो एकदाचा," नाना म्हणाले.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. बायको गेल्यापासून तिथे दुसरं माणूसच नव्हतं. नानांनी थोडा वेळ पेपर चाळला, मग चपला घातल्या आणि धापा टाकत सलूनच्या पायऱ्या चढले. खुर्चीत टेकून त्यांनी डोळे मिटले. न्हाव्याने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, गालावरून हात फिरवला आणि तो थांबला.

"नाना, दाढी तर घरीच करून आलाय. आता मी काय करू?"

 

डोळे न उघडताच नाना म्हणाले, "आत्ता फिरवलास ना, तसाच जरा हात फिरव."