साडेचारशेचा आकडा

"श्वास आता ते स्वतः घेतायत," मोठे डॉक्टर म्हणाले आणि नवा उपचार बघायला आलेल्या पाहुण्यांना यंत्राचा पडदा नीट दिसावा म्हणून बाजूला सरकले. इतकी अदब त्यांनी रोग्याशी कधी दाखवली नव्हती.

खाटेवरच्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या घशात एकोणीस दिवस नळी होती. आठ दिवसांपासून मानेच्या दोन्ही बाजूंना चुंबकाच्या चकत्या टेकवत होते. टक् असा आवाज झाला की छातीखालचा श्वासाचा स्नायू आखडे, पोट उचललं जाई आणि पडद्यावर त्या श्वासातल्या हवेचा आकडा येई. साडेचारशे मिलिलिटर. प्रत्येक आकड्याला तिघे पाहुणे मान डोलवत. त्यांना जेवणाच्या आत परत निघायचं होतं.

"कृत्रिम श्वासाचं यंत्र आता अडगळीत गेलं समजा," डॉक्टर म्हणाले.

अडगळ खाटेच्या डाव्या अंगाला सुरूच होती. विभागाच्या सिस्टर बावीस वर्षं तिचा आवाज ऐकत आल्या होत्या. चुंबकाशी त्यांचं भांडण नव्हतं. पडून पडून स्नायू झिजू नये, याला तो बरा होता. पण चुंबकाने स्नायू जरा हलला, की यंत्राला वाटे रोग्याने श्वास मागितला, आणि ते इमानाने हवा आत लोटे. साडेचारशेतला चुंबकाचा वाटा किती, यंत्राचा किती, हे पडदा सांगत नव्हता. डॉक्टरांनी त्याला विचारलंही नव्हतं. आवडता आकडा दिसल्यावर कोण विचारतं?

"आज तुमच्यासमोरच नळी काढतो," ते पाहुण्यांना म्हणाले.

पोस्टमास्तरांची मुलगी संमतीचा कागद घेऊन पायथ्याशी उभी होती. "बाबा खरंच स्वतः घेतायत ना?"

"आकडा समोर आहे, ताई."

"सर," सिस्टर म्हणाल्या, "सकाळची चाचणी राहिलीय. यंत्राचा आधार, हवेचा दाब, चौदावर आहे. नळी काढायच्या आधी पाचवर आणून बघायचं असतं."

"पास लिहून टाका."

"परीक्षा न घेता?"

एक पाहुणा हसला. मग डॉक्टरही हसले, नुसत्या दातांनी. "घ्या परीक्षा. बघू दे यांनाही." आपल्या आकड्यावर त्यांचा एवढा विश्वास बसला होता, हे पाहून सिस्टरांना क्षणभर त्यांची कीव आली. क्षणभरच.

त्यांनी यंत्राचं बटण पाचवर आणलं.

टक्. पोट उचललं. एकशेसाठ.

टक्. एकशेचाळीस. पोस्टमास्तरांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. डोळे लेकीला शोधू लागले.

टक्. एकशेदहा.

"सेन्सर," डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले. "सकाळपासून त्रास देतोय."

सेन्सर दुरुस्त होईपर्यंत थांबणं पोस्टमास्तरांना जमण्यासारखं नव्हतं. सिस्टरांनी बटण पुन्हा चौदावर नेलं. पुढच्याच श्वासाला पडद्यावर साडेचारशे आले.

एका पाहुण्याने टाळी वाजवली. उरलेल्या दोघांनी साथ दिली. डॉक्टरांनी मान किंचित लववली. टाळी कुणाला मिळतेय याचा त्यांना संशयही आला नाही.

"बघितलंत? झाला सेन्सर सरळ," ते म्हणाले आणि खिशातला मोबाइल काढून सिस्टरांच्या हातात दिला. "सही करा, ताई. नळी काढताना सगळ्यांचा एक फोटो घेऊ."

मुलगी बापाच्या मानेकडे बघत होती. शिरा आता बसल्या होत्या. मग तिने बटणाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. तिने पेनाला टोपण लावलं आणि कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली.

"फोटो घ्या ना," ती म्हणाली. "बाबांच्या नळीसकट घ्या. आणि सिस्टर, ते डावीकडचं यंत्र पुरतं येऊ द्या. सगळी मेहनत त्याची आहे."