नवमीची सवाष्ण

"मेलेली बाई सवाष्ण म्हणून पाटावर बसणार न्हाई," थोरल्या नणंदबाई आक्का म्हणाल्या.

विमलनं कढईत वडा सोडला. "सिंधु मेलेली नाही. शेजारी राहते. सकाळी तिनंच कढीपत्ता आणून दिला."

"कढीपत्ता दिला म्हणून जित्ती झाली का? उतारा हाय तो."

उतारा. जमिनीचा असतो तसा माणसाचा. माणूस जायच्या आत दवाखान्यात त्याचं मन उतरवून घेत आणि नव्या अंगात घालून घरी पाठवत. सिंधुला तशी परत येऊन तीन वर्षं झाली होती. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मतदार यादीतून नाव गेलं. शाळेनं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. सगळं लातूर तिच्याशी गोड बोलायचं आणि दारातूनच परत पाठवायचं.

म्हणून विमलनं काल मुद्दाम जाऊन तिला आजच्या अविधवा नवमीचं जेवायला सांगितलं होतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी एक सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची, साडी द्यायची. सिंधुचा नवरा धडधाकट होता. मग ती सवाष्ण नाही तर कोण?

"खरी सिंधु कुठंतरी उपाशी वाट बघत असंल," आक्का लसूण बाजूला सारत म्हणाल्या. "तिचं पान कुणी वाढलं का कधी? न्हाई. का, तर घरात एक हाय ना हिंडत-फिरत. लई सोपं झालं."

"आणि हिला कुणी माणूस म्हणायचं?" विमलनं निथळायच्या आत वडा उचलून ताटात टाकला.

"आई, झारा घे ना," मनस्विनी म्हणाली.

"तीस वर्षं स्वयंपाक केलेले हात आहेत. चटणीत मीठ बरोबर आहे का बघितलं असतं, पण नैवेद्याआधी चाखायचं नाही. बघा आक्का, रीत मलाही कळते."

आक्कांनी कोथिंबीर निवडायला घेतली.

"ती उतारा आहे हे आठ महिने तिला घरच्यांनी सांगितलं नाही," विमलचा आवाज चढला. "दवाखाना म्हणे, धीर होईल तेव्हा सांगा. कुणाचा धीर? शेवटी रेशनच्या दुकानात कळलं. मशीनवर अंगठा उमटेना. दुकानदार म्हणाला, ताई, तुम्ही मयत आहात. पाठीमागं रांग उभी. तिच्या नवऱ्याच्या जागी मी असते तर तोंड दाखवलं नसतं."

बाहेरच्या खोलीत विमलचे यजमान रेणुकादास तांब्या पुसत बसले होते. चकचकीत झालेला तांब्या त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"दोन वर्षांमागं मी जिन्यावरून पडले, बावीस दिवस दवाखान्यात होते. तेव्हा या घरात भाकरी कुणी टाकली? या उताऱ्यानं. तुम्ही होतात ना इथं, आक्का? खाल्लीत ना?"

"खाल्ली," आक्का हळू म्हणाल्या. "ए बाई, आजच्या दिवस वाद नको."

मनस्विनीनं साडीची पिशवी उघडली. डाळिंबी इरकल, हिरवे काठ.

"अगं, नवमी सासूबाईंची. त्यांना डाळिंबी कधी आवडलं? हा तर माझा रंग."

"दुकानात हीच बरी दिसली," मनस्विनी म्हणाली आणि पानं पुसायला वळली.

सिंधु आली तेव्हा चार पानं मांडलेली होती. ती दारातच थांबली.

"पाचवं मांड," विमल लेकीला म्हणाली. "नाहीतर माझं उचल. सिंधु बसणार नसेल तर मीही बसणार नाही."

"राहू द्या हो, विमलताई. मला कुठं चव लागती?"

"चवीचा प्रश्न नाही." विमल आक्कांकडं वळली. "रीत ना? मग पूर्ण पाळा. नवरा आहे तोवरच बायकोची नवमी. तो गेला की बंद. मामंजी चैत्रात गेले. सासूबाईंची नवमी यंदापासून संपली. मग आज हा घाट कशाला घातलात? तिथं चालतं, आणि सिंधुपाशीच तुमची रीत आडवी येते?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. आपण जास्त बोललो, असं विमलला वाटलं; पण बोलणं चुकलं, असं वाटलं नाही.

सिंधु साडीकडं बघत होती. मग तिनं रेणुकादासांकडं बघितलं आणि बराच वेळ नजर हलवली नाही.

"दोन वर्षं झाली," ती त्यांना म्हणाली. "माझे तर आठच महिने होते."

"बसा तुम्ही," रेणुकादास म्हणाले. "आक्का, त्यांना बसू दे."

विमलनं पाचवं पान स्वतः मांडलं. सिंधुला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. जिंकल्यासारखं वाटत होतं. सिंधुनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

रेणुकादासांनी तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं. जिची नवमी, तिचं नाव घेऊन सोडायचं. त्यांचे ओठ हलले, थांबले. बोटांच्या फटीतून पाणी गळून गेलं. त्यांनी पुन्हा घेतलं.

"विमल," ते म्हणाले.

"ओ," विमल म्हणाली. "काय हवंय?"

मान वर न करता त्यांनी पाणी सोडलं.