निळं बटण
दाराखालून निळं बटण आत सरकलं. “आली बाई एकदाची तुझी बटणवाली,” आई सुटकेने म्हणाली. स्वमग्न थोरलीला बेलचा आवाज कानात खिळ्यासारखा रुतायचा, म्हणून तिची प्रेयसी कधीच बेल वाजवत नसे. ती बटण आत सरकवायची, थोरली ते परत बाहेर ढकलायची आणि तिसऱ्यांदा आत आलं की दार उघडायची. परवा दोघींची पत्रं प्रेयसीच्या भावाला सापडली. “एकेकीला बघून घेतो,” तो म्हणाला, आणि तेव्हापासून ती बेपत्ता होती. थोरलीने बटण बाहेर ढकललं. ते परत आलं नाही. बाहेर फक्त जड बूट करकरले. “अगं, ताटकळलीये बिचारी, सरक,” म्हणत आईने कडीला हात घातला. कुणाचाही स्पर्श सहन न होणाऱ्या थोरलीने आईचं मनगट गच्च धरलं. बेल वाजली. थोरलीने कान झाकले नाहीत, मनगटही सोडलं नाही.