दोष आढळला नाही

"गाडीत काहीही दोष नाही, काका," काउंटरमागचा सल्लागार म्हणाला आणि त्याने हातातली स्क्रीन वळवून दाखवली. सगळ्या ओळींपुढे हिरव्या खुणा होत्या.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही. "चढावर दुसरा गिअर सुटतो," ते म्हणाले. "आपोआप. गाडी मोकळी होते आणि मागे यायला लागते."

"आमच्या माणसाने चालवून बघितली ना. बारा किलोमीटर. एकदाही सुटला नाही."

"कुठे चालवली?"

"इथेच, हायवेवर."

"हायवेला चढ कुठे आहे?"

सल्लागार नुसता हसला. गाडी घेऊन दोन महिने झाले होते आणि ही पाचवी खेप होती.

"नवी नवरीसुद्धा इतक्यांदा माहेरी येत नाही हो," सोफ्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या. तो त्यालाही हसला.

काकांची बत्तीस वर्षं बस डेपोत गिअरबॉक्स उघडण्यात गेली होती. तळहाताच्या रेषांत मुरलेलं काळं तेल अजून पुरतं निघालं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्यांशी झटलो, आता एक कोरी गाडी घेणार, जिच्यात हात घालावाच लागणार नाही, असं ते निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून म्हणत आले होते.

"आतला काटा वाकडा आहे," ते समजावून सांगू लागले. "गिअरला जागेवर धरून ठेवणारा. दांडीवर हात ठेवला की हाताला कळतं. तुमच्या कॉम्प्युटरला नाही कळायचं, तिथपर्यंत वायरच जात नाही. गिअरबॉक्स उतरवा, मी उभा राहून दाखवतो."

"एरर कोड आल्याशिवाय कंपनी उतरवू देत नाही."

"मग मी उतरवतो. अर्ध्या दिवसाचं तर काम."

"सील तुटलं की वॉरंटी गेली, काका. मग आमचे हात बांधले जातात."

"आत्ता तरी कुठे मोकळे आहेत?" काकू म्हणाल्या.

काका काउंटरवर दोन्ही हात टेकून पुढे वाकले. "गुरुवारी आमच्या घराच्या चढावर गाडी मागे गेली. पाय ब्रेकवर जाईपर्यंत चार हात गेली. मागे सायकलवर शाळेतली पोर होती. तिने सायकल टाकून उडी मारली, म्हणून वाचली. सायकलचं चाक आमच्या गाडीखाली चेपलं." "हे आहे का तुमच्या स्क्रीनवर?"

सल्लागाराने खरोखरच स्क्रीनवर बोट फिरवून पाहिलं.

"अपघाताची नोंद दुसऱ्या खिडकीवर होते," तो म्हणाला. "इथे फक्त सही करा."

सहीच्या चौकोनावर दोन ओळी होत्या. दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी.

"समाधानी खोडून टाका."

"स्क्रीनवर खोडता येत नाही, काका."

"आणि सही नाही केली तर?"

"तर गाडी सोडता येणार नाही."

काकांनी बोटाने सही केली. ती त्यांच्या सहीसारखी आलीच नाही, पण सल्लागाराला चालली.

गाडी पुसून बाहेर आणून देणारा माणूस पन्नाशीचा होता. किल्ली हातात देताना त्याने काचेच्या केबिनकडे एकदा पाहून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे, दादा," तो हळूच म्हणाला. "काटाच आहे. आत्ता रॅम्पवर माझ्याच हातात सुटला. या महिन्यातली ही चौथी."

"मग लिहून दे ना तसं."

"पहिल्या गाडीला लिहिलं होतं. तेव्हापासून मी धुलाईवर आहे."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"घरी कसं जायचं?" गाडीत बसता बसता काकूंनी विचारलं.

"चढ पहिल्या गिअरमध्ये चढवू."

"आणि तोही सुटला म्हणजे?"

काकांनी गाडी सुरू केली. पण फाटकाजवळ त्यांना थांबावं लागलं. वाटेत एक कुटुंब नवी गाडी ताब्यात घेत होतं. हेच मॉडेल, हाच रंग, बॉनेटवर लाल फीत. तरुण बाप मोबाइल हातात घेऊन काकांच्या खिडकीशी आला.

"काका, एक फोटो काढता का? म्हणजे आम्हा सगळ्यांनाच येता येईल."

काका उतरले. समोर बाप, कडेवर बाळ घेतलेली बायको आणि बापाचा दंड धरून उभी असलेली त्याची म्हातारी आई, सगळी गाडीला टेकून उभी राहिली.

"अरे, तुमचीही हीच की!" बाप खुशीत म्हणाला. "कशी आहे?"

काकूंनी गाडीतून पाहिलं. काकांनी मोबाइल खाली घेतला होता.

"चढावर दुसरा गिअर सुटतो," ते म्हणाले. "गाडी मागे येते. आधी मागे कोण आहे ते बघत जा."

बाईने बाळाला जरा वर ओढून घेतलं.

तेवढ्यात किल्ल्या घेऊन आलेला विक्रेता मोठ्याने हसला. "काका आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. आठवड्याआड येतात. फार गमतीदार माणूस!"

बाप हसला. मग त्याची बायको हसली. म्हातारीने तर तोंडावर पदर धरला आणि आजी हसते म्हणून बाळही खिदळलं.

"काढा काका, काढा! असाच येऊ दे!" विक्रेता ओरडला.

काकांनी बटण दाबलं. फोटो फार सुरेख आला. सगळे मनापासून हसत होते.