पालथा मासा

बस थांबली ती नेमकी जोमरेच्या खाणावळीपुढे. बोकसिमनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. अख्ख्या मोकपो बंदरात एवढ्या खाणावळी, आणि मेल्या सहलवाल्यांना हीच सापडावी?

जोमरे तिची सख्खी मोठी बहीण. कित्येक वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. भांडण म्हणाल तर काही नाही. दोघींचं माहेर हे मोकपो, जोल्ला प्रांतातलं; बोकसिमचं सासर देगूचं, आणि जोल्लाकडची माणसं म्हणजे बोलूनचालून लबाड, हे त्या घरात बाळकडूबरोबरच पाजलेलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं बजावलं, "कुणी विचारलं तर माहेर सोलचं सांगायचं. आणि तो बंदरावरचा हेल गिळायचा." बोकसिमनं हेल गिळला, गाव गिळलं, बघता बघता माहेरच गिळलं. आई गेली तेव्हासुद्धा ती आली नाही. आता सासू नाही, नवरा नाही, पण खोटं इतकं अंगवळणी पडलेलं की सोलच्या वाचन मंडळातल्या बायका तिला मुलाच्या नावानं जुनसोकची आई म्हणत, त्यांनाही ती सोलचीच म्हणून माहीत होती.

मंडळाची शनिवार-रविवारची सहल मोकपोला निघाली तेव्हा तिनं नाव दिलं ते एवढ्याचसाठी. रविवारी जेवण झालं की बाजारात फिरायला मोकळीक होती. तेवढ्यात बायकांना चुकवून ताईकडे जायचं, हात धरून माफी मागायची. एकटीनं. काल लाल विटांची जुनी कचेरी बघताना, युदालची टेकडी चढताना तिनं डोळे असे मोठे केले होते, जशी काही हे सगळं जन्मात पहिल्यांदाच बघतेय. आणि आज ही बस!

जोमरे स्वतः दारात आली. पांढरे केस नुकतेच कुरळे करून घेतलेले, अंगात ठेवणीतला जांभळा सदरा. येणाऱ्या एकेकीचा चेहरा ती निरखत होती. बोकसिमपाशी नजर थांबली. ओठ हलले. बोकसिम खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडत बसली. नाडी केव्हाच सुटली होती.

पानं वाढली गेली. अख्खे भाजलेले ढोमे आले. सगळ्यांत मोठा मासा जोमरेनं आपल्या हातानं बोकसिमपुढे ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"मालकीणबाई," मंडळाच्या प्रमुख प्योबाई हसत म्हणाल्या, "आमच्या या जुनसोकच्या आईकडे जरा नीट बघा हं. कुणासारखी दिसते का?"

बायका खुदखुदल्या. म्हणजे यांना संशय आला तर!

"माझ्याकडे काय बघायचंय?" ती घाईनं म्हणाली, अगदी स्वच्छ, शहरी बोलीत. "मी तर या गावात पहिल्यांदाच पाऊल टाकतेय."

एकीनं चटकन जोमरेकडे वळून विषय बदलला, "मुलंबाळं काय करतात तुमची?"

"येकच ल्योक हाय," जोमरे म्हणाली. "नावंवर गेलाय. परवा यील."

बोकसिमनं माशाची वरची बाजू खाल्ली होती. आता मधला काटा अलगद उचलायचा आणि खालची बाजू तशीच खायची. या बंदरात मासा उलटत नाहीत. पानात मासा उलटला की समुद्रात नाव उलटते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. बोकसिमला वाटलं, सगळ्या जणी आपल्याच पानाकडे बघताहेत, काटा उचलला की आपण पकडल्या गेलो. तिनं जेवणाच्या काड्या माशाखाली घातल्या आणि मासा पालथा केला.

जोमरेचा हात नकळत पुढे आला आणि तसाच मागे गेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सोलच्या पाव्हण्यांना कुठनं ठाव असनार."

धाकट्या बहिणीला ती अहो-जाहो करत होती. मग आत गेली. पुढचं सगळं वाढायला दुसरीच बाई आली. निरोप घ्यायलासुद्धा जोमरे बाहेर आली नाही. बायका बाजारात गेल्या तेव्हा बोकसिम बसमध्येच बसून राहिली. उतरावं असं फार वाटत होतं. पण कुठल्या तोंडानं?

बस सोलच्या रस्त्याला लागली. एरवी बस हलली की गाणी सुरू व्हायची, आज कुणी माइकला हात लावला नाही. प्योबाई उठून बोकसिमशेजारी येऊन बसल्या.

"का उलटलास गं तो मासा?"

"अहो, सगळेच उलटतात की. आमच्या सोलला तर..."

"पुरे! इतकी वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून जेवतेस. एकदा तरी मासा पालथा केला होतास का? तू बंदरावरची आहेस हे मंडळात कुणाला माहीत नाही, सांग बरं?"

बोकसिमनं मान वर केली. "मग... म्हणाला का नाहीत कधी?"

"तू होऊन सांगशील म्हणून वाट बघितली. नाहीच बोललीस, तेव्हा तुझ्या जुनसोकला गाठलं, बहिणीचा पत्ता काढला. ही सहल काय लाल विटा बघायला काढली होती?"

"आणि ताईला..." कित्येक वर्षांनी बोकसिमच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला. "ताईला ठाऊक होतं, मी येतेय ते?"

"मीच फोन केला होता तिला," प्योबाई म्हणाल्या. "तिनं एवढंच विचारलं, 'पन तिला यायचंय न्हवं?' आणि मी म्हटलं, हो."