तीन पेडांची वेणी

हात वर केले की शरीफाला घेरी यायची. मेंदूकडे आणि दोन्ही हातांकडे रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. मनगटावर नाडीसुद्धा लागत नव्हती. ते कळल्यावर इक्बाल जहाजावरून रजा काढून पनवेलला घरी आला. उभा जन्म दर्यावर काढलेला माणूस रोज सकाळी बायकोची वेणी घालू लागला. दोरखंड वळावा तशी घट्ट, आणि शेवटी खलाशाची गाठ. ती सोडवताना शरीफाला हसू यायचं.

मग एकाच ऑपरेशनमध्ये मानेतल्या आणि हातांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी इक्बालचं बोट तिच्या मनगटावर टेकवलं. "बघा, लागली नाडी."

महिन्याभराने एका सकाळी तो नमाजला गेला असताना शरीफाने सहज दोन्ही हात वर केले. घेरी आली नाही. आरशात बघत तिने आपली वेणी आपणच घातली.

जिन्यात चपला वाजल्या तशी तिने घाईघाईने ती सोडली आणि फणी मांडीवर घेऊन बसली.

"कंपनीचा फोन होता. न्हावा शेव्याला जहाज लागलंय, येताय का विचारतात," इक्बाल म्हणाला. "हात कसे आहेत?"

"अजून वर जात नाय हो."

इक्बालने तिचं मनगट हातात घेतलं. बोटाखाली नाडी उड्या मारत होती. बोट तसंच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने फोन लावला.

"नाय साहेब, एवढ्यात नाय जमायचं. बायकोची नाडी अजून लागत नाय."