आईची सीडी

दादाच्या गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आईचं वर्षश्राद्ध होतं आणि त्याने तिचा हार घातलेला फोटो चक्क होम थिएटरच्या वूफरवर ठेवला होता. जेवणं होईपर्यंत तो येईल त्या पाहुण्याला स्पीकरच दाखवत फिरत होता. मला किळस आली, तरी मी थांबून राहिले. कारण आज तो आईची भजनं लावणार होता. तिने आयुष्यात एकदाच स्टुडिओत जाऊन गायलेली ती कॅसेट त्याने बाबांकडून नेली होती आणि करोल बागेतून तिची सीडी करून आणली होती.

बाबांनी कानातलं मशीन नीट बसवलं आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढली. पेटी वाजायला लागली, मागोमाग तबला आला, वूफरवर आईचा फोटो थरथरायला लागला. बाबांनी डोळे मिटले.



तेवढ्यात दादा माइक घेऊन उभा राहिला, "कमाल बघा बाबा, कराओकेचं बटण दाबलं की आईचा आवाज बिल्कुल गायब! आता मी गातो."